खडूच्या टेकडीवरचे तळे

मित्रांनो, मी आहे एक जुने तळे. मला ना झरा, ना ओढा. इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्राला लागून गवताळ टेकड्यांची रांग आहे. तिथे एका माथ्यावर माझा मुक्काम आहे. तुमच्या फळ्यावर चालतो तो खडू इथे गवताखाली खोल खोल भरला आहे. पाऊस पडतो आणि खडू तो पिऊन टाकतो. विहिरी आहेत त्या खाली दरीत. वर थेंबही टिकत नाही.

म्हणून माणसांनी मला घडवले. खड्डा खणून त्यात चिकणमाती ओतली, बैलांकडून तुडवून घेतली. वर पेंढा अंथरला आणि गारगोट्यांचा थर दिला. पावसाने आणि समुद्रावरच्या धुक्याने मी भरले. मेंढ्या काठावर दाटी करीत. "हे आहे म्हणून टेकडी आहे," असे मेंढपाळ म्हणत. मला फार बरे वाटे.

त्यांच्यातलाच एक ईनोस टपेन. माणूस कष्टाळू, पण भारी संशयी. घरातला पाव कुरतडलेला दिसला, तर उंदराच्या आधी तो शेजाऱ्याचे नाव घेई.

एका उन्हाळ्यात पाऊस नाही की धुके नाही. माझे पाणी काठ सोडून आत सरकले. चिखलात ईनोसला खूर उमटलेला दिसला. मेंढीचा नव्हे, गाईचा! पलीकडच्या उतारावर थर्झा एकहर्स्ट या विधवेच्या गाई चरत. खरे तर तिचे एक वासरू एकदाच चुकून आले होते आणि दोन घोट पिऊन गेले होते. पण मला कोण विचारणार?

"पाणी ऊन पितंय रे," ईनोसची बायको केझाया म्हणाली. "आता उन्हालाही कुंपण घालशील?"

"उन्हाला खूर नसतात!" तो गुरकावला.

आपल्या मेंढ्यांपुरती वाट ठेवून त्याने माझ्या उरलेल्या पाण्याभोवती कुंपणाचे खुंट ठोकले. घाव बसला की मी शहारत असे. एक खुंट पार पाण्यात, माझ्या खोलगट भागात ठोकला; तो गारगोट्या, पेंढा, माती भेदून थेट खडूत गेला. तिथून माझे पाणी गुपचूप झिरपू लागले.

पाणी आणखी घटले, तसा ईनोसचा संशय वाढला. "कुंपण असूनही? म्हणजे बाई बादल्या भरून नेते!" तो पहाटेपासून काटेरी झुडपाआड दबा धरून बसू लागला. गाडीवानाची चाकोरी, सशांसाठी फासे लावणाऱ्याची पावले, सगळ्यांवर त्याची नजर. त्याच्या संगतीने मीही बिघडले. पाण्यावर सावली पडली की वाटे, हाच तो चोर!

अखेर थर्झा स्वतःच वर आली.

"काय रे ईनोस, झुडपात कुणाची वाट बघतोयस?"

"चोराची."

"मग एवढ्या लांब कशाला आलास? घरी आरसा नव्हता?"

ती काठावर वाकली. एका खुंटाभोवती पाणी हळूच गरगरत होते.

"हा बघ तुझा चोर. तूच ठोकलायस."

ईनोस खुंट उपटायला धावला.

"उपटू नकोस! बूच आहे ते!" ती ओरडली.

पण ती काहीतरी लपवते आहे, असेच त्याला वाटले. त्याने दोन्ही हातांनी खुंट ओढून काढला. भोक उघडे पडले. घळघळ आवाज करीत माझे उरलेसुरले पाणी खडूत गेले. ईनोस उपटलेला खुंट धरून उभा राहिला. मेंढ्या ओल्या गारगोट्या चाटू लागल्या.

"हाक त्यांना माझ्या विहिरीवर," थर्झा म्हणाली. "मेंढ्यांशी माझं भांडण नाही."

मग मेंढ्यांना रोज तो खडा उतार उतरून पुन्हा चढावा लागे. म्हाताऱ्या मेंढ्यांना ते झेपले नाही. काही वाटेतच मेल्या.

पाने गळू लागली तेव्हा ईनोसने नवी माती आणली. ती तुडवायला थर्झाने आपले बैल दिले. तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी तुमच्यावर..."

"पुढचं नंतर बोल. माती वाळतेय."

त्या हिवाळ्यात मी पुन्हा भरले. पण माझा भित्रा स्वभाव गेला नाही. कुणी हातोडा घेऊन आले की आजही माझे पाणी थरथरते.

मित्रांनो, माझ्या तळाला हातभर माती आहे, तेवढाच माझा जीव. तिला टोचू नका. आणि कधी माझे पाणी आटलेच, तर आधी खाली वाकून पाहा. माणसाकडे बोट नंतरही दाखवता येते.