बापाकडून आलेले आकडे

प्रितमला पोलिसांनी उचलून तीन महिने झाले, तेव्हा कुठे रक्ताच्या तपासणीचा अहवाल त्याच्या बहिणीच्या हाती पडला. नवीन जालन्यात वकील अरुंधतीबाईंच्या ऑफिसात बसून ज्योत्स्नाने तो दोनदा वाचला. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यातली भाषा तिला परकी नव्हती. तरी भावाच्या नावापाशी आलं की अक्षरं हलायची.

वाटूरजवळच्या त्यांच्या गावात बागायतदार रामरावांची शेडनेट होती. तिथं बियाण्यासाठी मिरचीच्या फुलांवर हाताने पराग लावायचं काम चालायचं. त्या कामावरची दैवशाला एका दुपारी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मरून पडलेली सापडली. तिच्या नखांत पुरुषाची कातडी होती. पोलिसांनी बौद्धवस्तीतल्या बावीस पुरुषांचं रक्त घेतलं. रामरावांच्या घरातल्या कुणाचंच घेतलं नाही. "सोबत कामाला तुमचीच माणसं होती ना," साहेब म्हणाले होते. बावीसांत एकटा प्रितम जुळला.

"नखांतलं फार थोडं होतं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "म्हणून फक्त बापाकडून मुलाकडे जातो तेवढाच भाग तपासला. सतरा जागा, सतरा आकडे. सगळे जुळले."

"पण बाई, हे आकडे एकट्याचे नसतात. बाप, चुलता, चुलतभाऊ, सगळ्यांचे सारखेच येतात. आमच्या नागसेनचंही रक्त घेतलंय. सख्ख्या चुलत्याचा मुलगा. मग तो का नाही जुळला?"

बाईंनी पानं उलटली. नागसेनचे अकरा आकडे वेगळे होते. भावकीतल्या बाकीच्या सहा जणांशी मात्र तो तंतोतंत जुळत होता. वेगळा होता तो प्रितमच.

अरुंधतीबाईंनी चष्मा काढला. "याचा अर्थ कळतोय ना तुला?"

कळत होता. तिचे वडील तातेराव आणि नागसेनचे वडील एका आईचे होते, पण एका बापाचे नव्हते. आणि तातेरावांना ज्या घरातून हे आकडे आले, त्याच घरातल्या कुणाची तरी कातडी दैवशालाच्या नखांत होती.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा तातेराव अंगणात दोरी वळत बसले होते. दैवशाला गेली त्या दिवशी ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याच्या दवाखान्यात होते. हिरवी पट्टी केव्हाच निघाली होती, पण उजेड अजून सोसत नव्हता.

"बाबा, आजी कुणाकडं कामाला होती?"

तातेरावांचे हात थांबले. "कोन म्हनलं तुला?"

"कागदावर आलंय."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "माझी माय सगुणाबाई रामरावच्या बापाच्या गोठ्यात शेण काढायला जायची. आमचा बाप तवा ऊसतोडीला गेल्ता, सहा महिने. मायनं मरताना सांगितलं. तुझ्या आईला बी ठावं न्हाई."

"मंग हे कोर्टात सांगा."

"मेलेल्या मायची अब्रू चव्हाट्यावर मांडू का मी?"

ज्योत्स्नाची आई केशरबाई दारात कधी येऊन उभी राहिली होती, कुणालाच कळलं नाही. "मेलेलीचं काय जानार हाय आता?" ती म्हणाली. "जित्तं लेकरू आत सडून राह्यलं."

रामरावांच्या घरातल्या पुरुषांचं रक्त तपासावं, असा अर्ज कोर्टात गेला. तिसऱ्या दिवशी पांढरी जीप वस्तीत आली. जन्मात कधी वस्तीत पाय न ठेवलेले रामराव अंगणात बाजेवर बसले. केशरबाईकडं पाणी मागून घेतलं आणि सगळं प्याले. त्यांचा मोठा मुलगा श्रीपती जीपमध्येच बसून राहिला.

"तातेराव, तुम्ही तर आमच्याच रक्ताचे निघाले म्हणं," रामराव हसले. "मंग घरातली गोष्ट घरातच राहू द्या. प्रितमला मी बराबर सोडवून आणतो. फकस्त अर्ज मागं घ्या." मग ते ज्योत्स्नाकडं वळले. "पोरगी रोज एकटीच एसटीनं जाती-येती. काळजी वाटती मला."

ज्योत्स्ना दोन पावलं मागं सरली. तातेराव मात्र बाजेचा आधार घेत उठले. "सत्तावन वर्षं मी तुमच्या बांधावर राबलो, तवा रक्त न्हाई आठवलं. अर्ज बिलकुल मागं घेनार न्हाई."

रामरावांनी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि निघून गेले.

कोर्टात तातेरावांनी आईचं नाव मान खाली घालून सांगितलं, पण सांगितलं. रामराव आणि त्यांच्या दोन्ही मुलांचं रक्त घ्यावं लागलं. तिघांचेही सतराच्या सतरा आकडे जुळले. अटकेनंतर आठ महिन्यांनी प्रितम जामिनावर घरी आला.

पण आकड्यांची गाडी तिथंच अडली. दैवशालापाशी प्रितम धरून त्या चौघांतला नेमका कोण होता, हे ते सांगू शकत नव्हते. पोलीस म्हणतात, दुसरा पुरावा शोधून राह्यलो. अजून कुणाला अटक नाही. वस्तीतल्या बायकांना शेडनेटमध्ये कुणी बोलवत नाही. नागसेनच्या घरानं येणंजाणं तोडलंय. प्रितम दिवसभर भिंतीला पाठ लावून रस्त्याकडं बघत बसतो.

ज्योत्स्ना शाळा सोडायला तयार नाही. तातेराव रोज सकाळी तिला फाट्यापर्यंत सोडायला जातात. समोर तीच पांढरी जीप उभी असते, इंजिन चालू, काचा वर. काल एसटीला उशीर झाला. जीपची काच खाली आली आणि श्रीपतीनं तातेरावांना पहिल्यांदाच हाक मारली, "काका."