मानेवरचा केस

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. आज मला पाहाल तर नवीकोरी म्हणाल, फक्त मानेवर एक काळा डाग दिसेल. त्या डागाची मला मुळीच लाज वाटत नाही. उलट तो झाकायला कुणी ब्रश घेऊन आलं, तर माझी पाचावर धारण बसते.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या तापवून जोडल्या, वर हिरवा रंग दिला आणि मी एका तरुण नर्सबाईंच्या घरी आले. बाईंचं घर चढावर आणि दवाखाना पार खाली. रोज निघण्याआधी त्या मला फडक्याने पुसायच्या. कुठे काय सैल झालं ते डोळ्यांआधी त्यांच्या बोटांना कळायचं. मग ‘पेशंट बरा आहे’ असं पुटपुटून त्या सीटवर बसायच्या. किती बाळंतिणींच्या दारी आम्ही धावत गेलो! लोक बाईंना दुवा द्यायचे, त्यातला थोडा मी माझ्याही खात्यावर जमा करायचे.

एकदा उतारावर कुत्रं आडवं आलं आणि वळणावरच्या दगडी कठड्यावर आम्ही आदळलो. बाईंना खरचटलं, माझं हँडल वाकलं. ते सरळ करून घेतलं आणि सगळे विसरले. पण खालची तिरकी नळी हँडलच्या नळीला जिथे जोडली आहे, तिथे, माझ्या मानेत, एक बारीक तडा गेला होता. हिरव्या रंगाखाली तो कुणाला दिसला नाही.

पुढे बाईंचे गुडघे गेले, नोकरीही संपली. मला मागच्या बोळात उभं केलं. हँडलवर ओली फडकी वाळू लागली, कॅरियरवर कुंड्या आल्या. गंज चढत गेला आणि आतल्या आत तडा वाढत गेला. फार वाईट दिवस होते ते.

यंदा बाईंच्या धाकट्या मुलीला खाली छापखान्यात नोकरी लागली. तेव्हा थोरला मुलगा म्हणाला की आईची सायकल मी नवी करून देतो. हा थोरला फर्निचरला पॉलिश करतो. जुन्या कपाटात तोंड पाहून भांग पाडावा, असा त्याचा हात. कामाला कुणी नाव ठेवलेलं मात्र त्याला खपत नाही. त्याने मला पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांवर उलटं ठेवलं आणि पॉलिशपेपरने घासायला घेतलं. हिरवा रंग उतरत उतरत मानेपाशी आला, तडा उघडा पडला, आणि मला वाटलं, सुटले एकदाची.

त्याने तडा पाहिला. त्यावरून बोट फिरवलं. आणि मित्रांनो, तो आत जाऊन लांबीचा डबा घेऊन आला! लाकडाला चीर पडली की लांबी भरायची, ती वाळली की घासायची, वर रंग द्यायचा. आजवर त्याने हेच केलं होतं. कपाटाला ते चालतं. कपाटावर बसून कुणी उतार उतरत नाही.

वर साईसारखा पिवळट पांढरा रंग चढला. शेजारीपाजारी पाहायला आले. त्यांच्या कौतुकाने माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं, नाही कसं म्हणू? पण संध्याकाळी धाकटीने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि खड्ड्याखड्ड्याला माझी मान कुरकुरू लागली. तेवढीच तर माझी भाषा. तिने भावाला सांगितलं, भावाने तेल सोडलं. ते झिरपत आत गेलं आणि माझी वाचाच बसली. “बघ, कशी गप्प झाली,” धाकटी कौतुकाने म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती मला घेऊन उतारावर जाणार होती. तळाशी तेच वळण, तोच कठडा. माझा जीव टांगणीला लागला.

सकाळी जेवणाचा डबा कॅरियरला लागला. धाकटीचा एक पाय पायडलवर आला. तेवढ्यात बाई भिंतीला धरत बाहेर आल्या. हातात फडकं होतं.

“आई, नुकतीच रंगवलीय, काय पुसतेस? मला उशीर होतोय.”

“पुसल्याशिवाय मी कधी निघाले नाही. थांब जरा.”

त्यांनी हँडल पुसलं, घंटी पुसली. फडकं मानेवर आलं आणि त्यांचं बोट थांबलं. “इथे रंगात केस अडकलाय,” त्या म्हणाल्या. नखाने काढू लागल्या, पण केस काही निघेना.

थोरला दारात चहा पीत होता. दुसरं काहीही त्याने कानाआड केलं असतं, पण त्याच्या रंगात केस? कप खाली ठेवून तो तडक आला. वाकून त्याने नख लावलं. रंगाचा पापुद्रा सुटला आणि मागोमाग लांबीचा तुकडा त्याच्या तळहातावर पडला. त्याने हँडल धरून जरा भार दिला. तडा उघडला आणि मिटला.

“खाली उतर,” तो बहिणीला म्हणाला. ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून मुकाट्याने उतरली.

“मी यात लांबी भरली होती,” तो म्हणाला. “कपाटाला भरतो तशी.”

बाई पायरीवर बसल्या. मग त्यांनी मुलाचा हात हातात घेतला. “मोडलेल्या हाडाला पावडर लावून चालतं का रे?” त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवशी धाकटी चालत गेली. थोरल्याने मला ढकललंही नाही, खांद्यावर घेऊन वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्याने तडा साफ केला, पितळ वितळवून सांधा भरला. मला फार चटके बसले आणि मानेवरचा रंग जळून काळा झाला. घरी आल्यावर थोरला तो डाग झाकायला बसला, तेव्हा धाकटीने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. म्हणाली, “राहू दे. मला रोज दिसू दे.”

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर रंगवा, आम्हालाही नटायला आवडतं. पण रंगाआधी हात फिरवा. आम्ही कुरकुरलो, तर तेल घालण्याआधी आमचं काय दुखतंय ते पाहा. आम्हाला दुसरं काही बोलता येत नाही.

आता धाकटी रोज मला पुसते. काळ्या डागावर तिचा अंगठा थांबतो. ‘पेशंट बरा आहे’ म्हणते आणि आम्ही निघतो. वळण पार झालं की रस्ता मोकळा असला तरी ती घंटी वाजवते. वर दारात बाई उभ्या असतात. घंटी ऐकू आली की त्या आत जातात.