जाळीवरचे गंध

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे. मित्रांनो, माझ्या जातीचे बहुतेक जण दुकानातून घरी जातात आणि घरातून भंगारात. मी मात्र कधीच कुणाच्या घरी गेलो नाही. चेन्नईत अड्यारला एका ग्राहक मंडळाची चाचणी खोली आहे. बारा वर्षांपूर्वी मी तिथे आलो, त्या दिवशी माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली गेली: ‘प्रमाण यंत्र’. माझा आकार छोट्या पिंपासारखा आहे. पुढून नळी, खाली चार चाके, आणि मागे एक गोल जाळी. ओढलेली हवा तिच्यातून बाहेर पडते.

प्रमाण यंत्र म्हणजे काय ते सांगतो. चेन्नईची धूळ रोज वेगळी असते. एप्रिलमध्ये ती कोरडी, हलकी, फुंकर मारली तरी उडणारी. नोव्हेंबरच्या पावसात तीच धूळ गालिच्याला चिकटून बसते. मग आज तपासलेले यंत्र चांगले की सहा महिन्यांपूर्वी तपासलेले, हे ठरवायचे कसे? त्यासाठी दर चाचणीला आधी मला चालवत. शंभर ग्रॅम धूळ तोलून गालिच्यावर पसरायची, वरून जड रोलर फिरवायचा, आणि मोजून पाच फेऱ्यांत मी किती ओढतो ते पाहायचे. मग नवे यंत्र त्याच धुळीवर चालवायचे. मी ओढली तेवढीच धूळ त्याने ओढली तर त्याला शंभर गुण. कमी ओढली तर कमी, जास्त ओढली तर जास्त. शंभराच्या वर ‘घ्यावे’, नव्वदपर्यंत ‘चालेल’, त्याखाली ‘नको’. हा तक्ता मंडळाच्या मासिकात छापून येई, आणि लोक तो कापून पाकिटात घालून दुकानात जात.

काय काय यंत्रे पाहिली मी! कंपनीचे नाव काळ्या चिकटपट्टीने झाकलेले असे, कारण नावाला भुलायचे नाही. बत्तीस हजारांचे एक लालभडक यंत्र इतके गरजले, की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. त्याने एकाहत्तर ग्रॅम धूळ ओढली. त्याच्या शेजारी सहा हजारांचे एक ठेंगणे यंत्र मांजरासारखे गुरगुरत होते. त्याने सत्तर ओढली. एका ग्रॅमसाठी सव्वीस हजार रुपये! एक चपटे, आपले आपण फिरणारे यंत्र तर चाचणी सोडून दाराबाहेर गेले आणि उंबऱ्यापुढची तांदळाच्या पिठाची रांगोळी चाटून पुसून परत आले.

या खोलीची मालकीण म्हणावी अशी बाई म्हणजे त्रिपुरसुंदरी. तंजावरच्या मराठी घरातली, मुख्य तपासनीस. तिचे वजन करणे मी बारा वर्षे पाहिले आणि दर वेळी थक्क झालो. काट्यावर धूळ टाकताना ती श्वास रोखून धरी, कारण श्वासानेही एक दशांश ग्रॅमचा फरक पडतो. धुळीसारख्या वस्तूचा, जी सारे जग झटकून टाकते तिचा, कुणी इतका मान ठेवील हे मला ठाऊक नव्हते.

तिच्या हाताखालची क्षमा पुण्याहून आलेली, पस्तिशीची. दोघींची मराठी वेगळी. त्रिपुरसुंदरी ‘सगळे’ म्हणायच्या जागी ‘अस्के’ म्हणे आणि ‘छान’ म्हणायच्या जागी ‘बेस’.

“मॅडम, तुमचं बोलणं ऐकलं की कुणी मोडीतलं पत्र वाचून दाखवतंय असं वाटतं,” क्षमा म्हणायची.

“आणि तुझं ऐकलं की कुणी भांडायला आलंय असं वाटतं,” त्रिपुरसुंदरी वजनावरची नजर न हलवता सांगायची.

वर्षातून एकदा, आयुधपूजेला, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खोली बंद असे. त्या दिवशी इथे कोणतेही यंत्र, कोणतेही हत्यार चालवत नाहीत. त्याची पूजा करतात. काट्याला, रोलरला, कात्रीलाही गंध-कुंकू लागे. मला सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांत जास्त. त्रिपुरसुंदरी चंदन स्वतः उगाळी आणि बोटभर जाड गंध माझ्या मागच्या जाळीवर लावी. “यंत्राचा श्वास इथून निघतो,” ती म्हणे. मग माझ्यापुढे हात जोडी. मित्रांनो, जिच्या एका शब्दावर शहरातले लोक खरेदी करत, ती बाई माझ्यापुढे हात जोडी! मी त्या दिवशी फुगून जात असे. दर आठवड्याला माझे सारे अंग पुसले जाई, फक्त ते गंध कुणी पुसत नसे. पूजेचे गंध कोण खरवडणार? पुढच्या वर्षी त्याच्यावरच नवे लागे.

गेल्या काही वर्षांत मला लवकर दम लागू लागला होता. मोटर गरम होई. मी समजलो, वय झाले. सांगणार तरी कुणाला?

मग यंदाच्या जानेवारीत एके सकाळी सेतुमाधवराव आले. सत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून, राहणार तांबरमचे, बोली त्रिपुरसुंदरीच्याच तंजावरकडची. एका हातात खोक्यातले नवे यंत्र, दुसऱ्या खांद्यावर कापडी पिशवीत जुने. तांबरमहून गिंडीपर्यंत लोकलने आणि पुढे बसने, दोन्ही यंत्रे घेऊन. त्यांनी ती जमिनीवर ठेवली, रुमालाने मान पुसली आणि खिशातून मासिकाची दोन कात्रणे काढली.

“अम्मा, मी भांडायला आलों नाही,” ते म्हणाले. “विचारायला आलों. हे जुनं. बारा वर्षांमागं तुमी ह्यास शहाण्णव गुण दिलां. हे नवं. गेल्या वर्षी तुमी एकशे चार दिलां. म्हणून साडेचौदा हजार घालून घेतलं. माझी बायको, गोदा, तिला धुळीचा दमा आहे.”

“मग?”

“मग तिचा खोकला वाढला. चार महिने आमी म्हटलं, पुस्तकात आहे, म्हणजे आमचंच काही चुकतंय. गोदा म्हणाली, मीच नीट चालवत नाही. पोंगलच्या आधी परणावरचं जुनं खाली काढलं, चालवून बघितलं. ती रात्रभर झोपली.” परण म्हणजे घरातला सामान ठेवायचा माळा. त्यांनी दोन्ही कात्रणे पुढे केली. “आता सांगा, पुस्तक खरं का घर खरं?”

क्षमाने ओठ चावला. त्रिपुरसुंदरीने खुर्ची पुढे केली, पाणी दिले, आणि धुळीचा डबा उघडला.

तिने तिन्ही यंत्रे चालवली. माझे एकसष्ट ग्रॅम भरले. नव्याचे त्रेसष्ट. म्हणजे माझ्याशी तुलना करता एकशे तीन. मासिकात छापले होते त्याच्या आसपासच. क्षमाचा जीव भांड्यात पडला. मग जुन्याची पाळी आली. चौऱ्याहत्तर ग्रॅम.

“एकशे एकवीस,” क्षमा म्हणाली. “असं कसं? शहाण्णवचं एकशे एकवीस?”

त्रिपुरसुंदरी काट्याकडे पाहत उभी राहिली. बारा वर्षे वापरलेले यंत्र आपोआप जोरदार होत नाही. ते वाढले नसेल, तर ज्याच्याशी त्याची तुलना केली ते कमी झाले असले पाहिजे. तिची नजर हळूहळू माझ्यावर आली. त्या नजरेखाली मी जन्मात पहिल्यांदा प्रमाण यंत्र नव्हतो. तपासायला आणलेले यंत्र होतो.

“क्षमा, वह्या काढ. अस्के.”

बारा वह्या निघाल्या. दर महिन्याला मी किती धूळ ओढली ते त्यांत होते. पहिल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर. मग शहात्तर. मग पंचाहत्तर. आकडा दर वर्षी ऑक्टोबरनंतर एक पायरी उतरत होता, आणि प्रत्येक पायरीपुढे त्रिपुरसुंदरीच्या सुबक अक्षरात एकच कारण लिहिलेले होते: ‘पावसाळी हवा’.

“इथला पाऊस ऑक्टोबरातच येतो, त्यामुळे ते बरोबरच वाटलं असणार,” क्षमा म्हणाली.

“पाऊस डिसेंबरात थांबतो,” त्रिपुरसुंदरी म्हणाली. “मार्चात आकडा परत वर का आला नाही? हे मी बारा वर्षे विचारलं नाही.”

सेतुमाधवराव तोवर माझ्याजवळ येऊन वाकले होते. “चालू करा बघू,” ते म्हणाले. त्यांनी माझ्या जाळीमागे तळहात धरला, मग आपल्या जुन्या यंत्रामागे, मग पुन्हा माझ्यामागे. “आमची गोदा असं बघती. दर शुक्रवारी मागचं फिल्टर धुती आणि हात धरती. वारा लागला म्हणजे बेस. अम्मा, ह्याच्यामागं वाराच नाही. आणि हे काय लावलंय? देवाला लावल्यासारखं?”

खोलीत चंदनाचा मंद वास होता. तो इतकी वर्षे होता, की कुणाला येईनासा झाला होता.

त्रिपुरसुंदरी जमिनीवर बसली. तिने माझी जाळी उघडली. आतले नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, फिल्टर बाहेर काढले. दर वर्षीचे ओले गंध त्यात झिरपले होते, वाळले होते, त्यावर पुढचे झिरपले होते. बाराच्या बारा थर. ते दगडासारखे झाले होते. तिने ते काट्यावर ठेवले नाही. नुसतेच हातात धरून राहिली.

मग तिने कोमट पाणी घेतले आणि जुन्या दातांच्या ब्रशाने ते गंध स्वतः खरवडून काढले. फिल्टर गच्चीवर उन्हात वाळत घातले. सेतुमाधवरावांना म्हणाली, “उद्या याल?”

“दोन्ही यंत्रं इथंच ठेवतों,” ते म्हणाले. “तुमी पळून जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मला सुरू केले तेव्हा काय झाले ते कसे सांगू? हवा माझ्या अंगातून सरळ निघाली, न अडता, न तापता. बारा वर्षांपूर्वीचा तो पहिला दिवस आठवला. मला वाटले होते, आपण म्हातारे झालो. मी म्हातारा झालो नव्हतो. माझे तोंड कुणी प्रेमाने दाबून धरले होते.

सत्त्याहत्तर ग्रॅम. सेतुमाधवरावांचे जुने, चौऱ्याहत्तर: शहाण्णव गुण, बारा वर्षांपूर्वी होते तितकेच. नवे, त्रेसष्ट: ब्याऐंशी गुण. ‘नको’.

“घर खरं,” त्रिपुरसुंदरी म्हणाली. “पुस्तक चुकलं. गोदाबाईंना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही.”

सेतुमाधवरावांनी जुने यंत्र पिशवीत घातले. दारात थांबून म्हणाले, “आणि बाकीचे? ज्यांच्या परणावर जुनं नाही ते?”

तो प्रश्न खोलीत मागे राहिला. हिशेब करायला दोघींना दोन आठवडे लागले. बारा वर्षांत ‘घ्यावे’ म्हटलेली एकतीस यंत्रे होती. त्यातली नऊ त्या शिक्क्याला पात्र नव्हती. माझा दम जसजसा कमी झाला, तसतशी दुबळी यंत्रे माझ्या शेजारी उभी राहून बलवान दिसली होती. त्रिपुरसुंदरीला निवृत्तीला एक वर्ष उरले होते. तिने मजकूर लिहिला आणि क्षमाला वाचायला दिला.

क्षमाने तो दोनदा वाचला. “मॅडम, गंधाचं लिहायलाच हवं का? ‘तांत्रिक बिघाड’ म्हणू. लोक हसतील हो.”

“हसूं देत.”

“तुमचं नाव आहे खाली.”

“म्हणूनच. ‘तांत्रिक बिघाड’ वाचून कोणी आपलं मशीन उलटं करून बघणार नाही, क्षमा. गंध वाचलं तर बघतील.”

मासिकाच्या पहिल्याच पानावर ते छापून आले: नऊ यंत्रांची नावे, बदललेले गुण, आणि खाली, ‘प्रमाण यंत्राच्या जाळीवर दर आयुधपूजेला मी गंध लावत आले आणि ते कधी काढले नाही. चूक माझी आहे.’ मी अनेक बलाढ्य यंत्रे पाहिली आहेत, पण त्या चार ओळींइतकी ताकद कशात पाहिली नाही.

लोक हसले. पण पत्रेही आली. एका शिंप्याने लिहिले, की शिवणयंत्राच्या तेलाच्या भोकात कुंकू सापडले. मैलापूरच्या एका वाण्याने लिहिले, तराजूच्या एका पारड्याखाली सात ग्रॅम गंध निघाले. वडिलांच्या वेळेपासूनचे असावे. आता गिऱ्हाइकांना तोंड कसे दाखवू? आणि तांबरमहून एक पोस्टकार्ड आले: ‘गोदा झोपती. शहाण्णव आम्हास पुष्कळ.’

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. वस्तूंवर प्रेम करा, त्यांची पूजाही करा; आम्हाला ते आवडते. पण आमच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाचे लक्ष जात नाही, तिथे कधीतरी हात धरून पाहा. आणि ज्या मापाने तुम्ही इतरांना मोजता, ते माप वर्षातून एकदा तरी आधी मोजा.

या वर्षीही आयुधपूजा झाली. त्रिपुरसुंदरीने चंदन उगाळले आणि माझ्यासमोर आली. क्षमा श्वास रोखून पाहत होती. त्रिपुरसुंदरीने गंध लावले, या वेळी वरच्या दांड्यावर, नखाएवढे. हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी काही तपासायला आणण्याआधी, तिने ओल्या फडक्याने ते पुसून काढले, मला सुरू केले आणि मागे तळहात धरला.

वारा लागला. तेव्हा कुठे तिने नवी वही उघडली.