बाकाची उंची

मिस्त्रीने जेवणाचं टेबल एकट्यानेच ओढून भिंतीपासून लांब केलं, खाली सापडलेली औषधाची गोळी उचलून बेबीच्या हातावर ठेवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत खडूने एक लांब रेघ मारली.

"इथपर्यंत येईल बाक," तो म्हणाला. "सरळच ठेवायचा, की कोपऱ्यात वळवायचा?"

बेबी गोळीकडे बघत राहिली. रक्तदाबाची होती, सकाळची. म्हणजे एक दिवस आप्पांनी ती घेतलीच नव्हती. कोणता दिवस, कोण जाणे.

"सरळच," ती म्हणाली.

"वळवलात तर दोन माणसं जास्त बसतील. पण मग कोपऱ्यातला माणूस अडकतो. त्याला हात धुवायला जायचं तर सगळी पंगत उठवावी लागते."

"सरळच करा हो. माणसं आहेत कुठे पंगतीला?"

बेबी चोपन्न वर्षांची होती. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिची सव्वीस वर्षं गेली होती. बाहेर सगळे तिला मॅडम म्हणत, घरात मात्र ती अजून बेबीच होती. मिस्त्रीला तिने बोलावलं होतं ते अडीच महिन्यांपूर्वी. तेव्हा आप्पा जेवून उठत असताना खुर्ची गुळगुळीत फरशीवरून मागे सरकली होती आणि तिचे वडील तिच्या डोळ्यांदेखत धाडकन खाली बसले होते. भिंतीला पक्का केलेला बाक सरकणार नाही, इतका साधा तिचा विचार होता. मिस्त्री म्हणाला होता, परवा येतो. त्याचा परवा आज उजाडला.

मधल्या काळात बरंच होऊन गेलं होतं. आप्पांना सांभाळायला लावलेल्या तीन बायका आल्या आणि गेल्या. आप्पांना पलंगावरून, खुर्चीवरून, संडासातून उठवता उठवता बेबीच्या कमरेतला मणका सरकला. यापुढे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं. मग गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम बघून झाला, परगावी असलेल्या धाकट्या भावाशी फोनवर बोलून झालं, अर्ज भरून झाला. शनिवारी आप्पांना तिकडे न्यायचं होतं. आज बुधवार होता, आणि आप्पांना अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज चहाबरोबर सांगायचंच. चहा संपायचा, कप विसळून व्हायचे, आणि ती दुकानात जायची. ती इतकी दमलेली होती की रात्रभर झोपूनही सकाळी दमलेलीच उठायची, आणि दमलेल्या माणसाला वाईट बातमी सांगायलाही अंगात बळ लागतं.

मिस्त्रीला तिने दारातूनच परत पाठवलं असतं. पण खिडकीपाशी बसलेल्या आप्पांनी त्याचा आवाज ओळखला.

"आला का शेवटी? ये बाबा, ये. आम्हाला वाटलं, झाड लावून ते वाढायची वाट बघतोयस."

मग काय बोलणार? बाक नको म्हटलं, तर का नको, ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा बाक झालेला परवडला, असं तिने स्वतःला समजावलं.

मिस्त्रीने पिशवीतून हातभराहून लांब अशी पातळ लाकडी पट्टी काढली. तिच्यावर पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या, काही पुसट, काही ताज्या. पट्टी घेऊन तो सरळ आप्पांच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"पाय सरळ जमिनीवर ठेवा, आप्पा. गुडघा बघू."

"लग्न जमवतोस की बाक करतोस?"

"उंची घेतो. सगळे अठरा इंच करतात. मी करत नाही. घरात सगळ्यात मोठं जे माणूस असेल, त्याला उठता आलं पाहिजे. बाकीचे काय, कशावरही बसतात." त्याने पट्टीवरच्या खुणा दाखवल्या. "ही सगळी म्हातारी माणसं आहेत बघा माझ्या पट्टीवर. तुम्हाला एकवीस लागतील. खालून बाक मोकळा ठेवतो. उठताना टाचा मागे गेल्या पाहिजेत, तर जोर येतो."

आप्पांनी पाय सरळ केले नाहीत. उलट हळूहळू खुर्चीखाली ओढून घेतले.

"खालून मोकळा नको. खण कर," ते म्हणाले. "झाकण उचललं की आत सामान ठेवता येईल असा. हिला घरात जागा कुठे आहे? पांघरुणं कपाटावर टाकलेली असतात. ती काढायला हात वर केला की हिची कंबर ओरडते."

"खण केला तर टाचा अडतील, आप्पा. उठायला त्रास होईल."

"कोणाला?"

"तुम्हाला."

आप्पांनी खिडकीच्या कठड्यावरचा चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि मिस्त्रीकडे न बघता बेबीकडे बघितलं. बेबी मुठीतली गोळी दुसऱ्या हातात घेऊन उभी होती.

"आप्पा, ते म्हणतात तसंच करू या," ती म्हणाली. "एकवीस राहू दे. मोकळा राहू दे."

"एकवीस इंचांवर तुझे पाय लोंबकळतील. आधीच दिवसभर उभी असतेस. रात्री जेवताना तरी पाय जमिनीला लागू देत." मग मिस्त्रीला, "माझं माप घेऊ नकोस रे. हिचं घे."

"पण मोठं माणूस तुम्ही—"

"हिचं घे म्हटलं ना."

मिस्त्री पट्टी हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघू लागला. अडीच महिने न येण्याचा राग आता निघतोय की काय, असा भाव त्याच्या तोंडावर होता. शेवटी त्याने एक खुर्ची ओढून बेबीपुढे ठेवली. बेबी बसली. बसताना तिने कमरेवर हात ठेवला, ते तिचं तिलाही कळलं नाही. मिस्त्रीने पट्टी तिच्या पोटरीला लावली आणि अंगठ्याच्या नखाने खूण धरली.

"सतरा. थोडे कमीच."

"सतरा लिही," आप्पा म्हणाले. "आणि पाठीला टेकायला काहीतरी दे. कापसाचं नको, चेपून जातं. फोम घाल."

"कापडाचा रंग?"

"तिला विचार. तिला बसायचंय."

बेबीने कुठलातरी रंग सांगितला. निळा म्हणाली की करडा, तिचं तिलाच आठवलं नसतं. मिस्त्रीने वहीत लिहून घेतलं, टेबल होतं तिथे परत सरकवलं आणि फळीचे नमुने आणायला तो खाली गाडीकडे गेला. जिन्यावर त्याच्या चपला वाजत गेल्या, मग वाजेनाशा झाल्या.

बेबी खुर्चीवरून उठली नाही. आता बोलायलाच हवं होतं. शब्द तर तिने आठवडाभर जुळवले होते: थोडे दिवस बघू, नाही आवडलं तर परत येऊ, मी दर रविवारी येईन. त्यातला एकही तोंडातून निघेना.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तुझ्या भावाचा आवाज फोनमध्ये मावतो का? तू आतल्या खोलीत बोलतेस, तो तिथून साऱ्या घराशी बोलतो." आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. "रविवारीच कळलं. म्हटलं, सांगेल स्वतःहून. मग बघितलं, तुला काही जमत नाहीये. रोज नुसता चहा गार करतेस."

"मी सांगणारच होते."

"माहीत आहे."

"माझ्याच्याने आता होत नाही, आप्पा." ती हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "मला वाटलं होतं होईल. बाक केला, बाथरूमला दांडे बसवले, की होईल. नाही होत."

"अगं, मी काय आंधळा आहे? मला उठवताना तुझं तोंड माझ्या तोंडासमोरच असतं."

ते चष्मा पुसतच राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. खाली रस्त्यावर मिस्त्री कोणाला तरी गाडी जरा पुढे घ्यायला सांगत होता. बेबी वडिलांच्या हातांकडे बघत होती. वर बघायची तिला हिंमत होत नव्हती.

"तिथल्या खुर्च्या उंच आहेत ना गं?" आप्पांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. बेबी त्या वृद्धाश्रमात गेली होती तेव्हा तिथली बाई तिला बाग दाखवत होती, देवघर दाखवत होती, आणि बेबी मात्र जेवणाच्या दालनात जाऊन एकामागून एक तीन खुर्च्यांवर बसून उठली होती. बाईला ते विचित्र वाटलं असणार.

"मी बसून बघितलं," ती म्हणाली. "उंच आहेत. एकवीस तरी असतील. दोन्ही बाजूंना हात आहेत, धरून एकट्याने उठता येतं. पाय खाली रबराचे आहेत, सरकत नाहीत. मी मागे रेटूनही बघितलं."

आणि तिला रडू फुटलं. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभ्या राहिलेल्या त्या बाईने ओंजळीत तोंड खुपसलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

आप्पांनी तिला रडू दिलं. मग चष्मा डोळ्यांवर लावत म्हणाले,

"आता रडतेस कशाला? खुर्ची चांगली आहे म्हणालीस ना?"