घड्याळजींच्या ओव्हनमधला ट्रे

मी ट्रे बोलतोय. घड्याळजींच्या ओव्हनमधला, काळाठिक्कर, एका कोपऱ्याला पोचा पडलेला. हसू नका, माझ्यावर भाजलेल्या बटाट्याच्या फोडी खाऊन भलेभले बोटं चाटत गेलेत.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं आणि दुकानात घड्याळजींच्या बायकोनं, शिंपीणबाईंनी, ठोकून-वाजवून पसंत केलं. बाई मोठी शिस्तीची. फोडी सालासकट कापायच्या, गार पाण्यात ठेवायच्या, जरा उकडून फडक्यानं खडखडीत कोरड्या करायच्या. मग तेल, मीठ, मिरपूड. माझ्यावर मांडताना एकीला दुसरी खेटू द्यायची नाही. "गर्दी केली की लिबलिबीत होतात," असं नवऱ्याला दरवेळी ऐकवायची, जसं काही तोच मांडायचा! अर्ध्यावर दार उघडून एकेक फोड नुसत्या बोटांनी उलटायची. सुईनं तिच्या बोटांना घट्टे पडले होते, चटका कळतच नसे. चिमटा पुढे केला तर म्हणायची, "त्यानं साल सुटतं."

ती गेली. मला ओट्याखाली ढकललं, गंज चढला. घड्याळजींची अन्नावरची वासनाच उडाली. त्यांचं पार पाप्याचं पितर झालं, तेव्हा लेक धावत आली.

"बाबा, असं चालणार नाही. जेवला नाहीत तर मी तुम्हाला माझ्याकडे घेऊन जाणार."

"हे घर सोडून मी कुठंही येणार नाही, बाळ."

तिनं मला घासूनपुसून आईसारख्याच फोडी मांडल्या. तेवढ्यात फोन आला आणि बोलण्याच्या नादात उलटायचं साफ विसरली.

दार बंद होतं. आत नुसती आग. आणि मला बोटं जाणवली. गार. घट्टे पडलेली. उजव्या कोपऱ्यापासून एकेक फोड उचलत, उलटत शेवटापर्यंत गेली. पत्र्याला घाम फुटत नाही म्हणून बरं.

फोडी दोन्हीकडून कुरकुरीत! घड्याळजींनी ताटली चाटूनपुसून साफ केली.

"अगदी तिच्या हातच्या! बोटांनीच उलटल्यास ना?"

"मी? मी तर विसरलेच. तुम्ही उलटल्यात ना, बाबा?"

घड्याळजींनी ओव्हनच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो गं, मीच."

लेकीचा जीव भांड्यात पडला. बाबा जेवतायत, स्वतः करूनही घेतायत, म्हणून ती निर्धास्त परत गेली. ते खोटं बोलले हे फक्त मला माहीत होतं.

आता रोज फोडीच असतात. ते मांडतात, दार लावतात, ओव्हनकडे पाठ करून बसतात. "झाल्या का गं उलटून?" विचारतात. पण खाणं पुन्हा सुटलंय. फोडी माझ्यावरच गार होतात. त्यांची भूक फोडींची नव्हतीच, हे मला उशिरा कळलं.

आज त्यांनी अर्ध्यावर दार उघडलं, बाही सरकवली आणि हात आत घातला. मी ओरडलो असतो, पण मला कुठलं तोंड? चटका बसला नाही. कातडी साधी लालही झाली नाही. घड्याळजी हसले. "सापडलीस," म्हणाले.

फोडींचा केव्हाच कोळसा झालाय. हात अजून आतच आहे. मघाशी मनगटापर्यंत होता, आता कोपरापर्यंत आलाय.

बाई, तुमचं मीठ मी जन्मभर खाल्लंय, तरी सांगतो, सोडा त्यांना. लेकी, फोन कर, धावत ये, काहीही कर. तुझी आई माझं ऐकत नाहीये.