अकराव्या नंबरचं दुकान

ताईने धाकट्या भावाच्या घड्याळाचं झाकण उघडलं, भिंग डोळ्यावर चढवलं आणि स्वतःचा फोन त्याच्यापुढे सरकवला.

"हा रिव्ह्यू वाच. मोठ्याने."

काउंटरवर रेललेल्या भावाने घसा खाकरला. "'बाईंचा उजवा हात कापतो. सकाळची गोळी घेईपर्यंत चिमटाही धरवत नाही. किमती घड्याळ देऊ नका.' एक स्टार." त्याने फोन खाली ठेवला. "असल्या रिव्ह्यूंनीच तुला खाली ओढलंय, ताई. 'घड्याळ दुरुस्ती' शोधलं की तू अकरावी येतेस."

"म्हणूनच दोन महिने नवं माणूस पायरी चढलेलं नाही."

"लोक तिसऱ्याच्या खाली बोट नेतच नाहीत गं."

हे सगळं त्याचंच शास्त्र. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तिला पहिल्या नंबरावर बसवलं होतं. गिऱ्हाइकांच्या हातापाया पडून कौतुक लिहवून घेतलं. जन्मात घड्याळ न बांधलेल्या शेजारच्या न्हाव्यालाही 'मनगटाला नवा जन्म मिळाला' असं लिहायला लावलं. ताई तेव्हा पोट धरून हसली होती. मग त्याला मोठी नोकरी लागली, मोठमोठी दुकानं वर चढवायची. चौकातलं घड्याळांचं चकचकीत दुकान त्यांतलंच एक. सध्या पहिला नंबर त्यांचा.

"खोटा आहे म्हणून तक्रार टाकू," तो म्हणाला. "मीच टाकतो."

"खोटा कुठे आहे?" तिने चिमट्याने मोहरीएवढा स्क्रू उचलला. "हात कापतोच की. पण गोळी मी आठला घेते आणि दुकान अकराला उघडते. गिऱ्हाइकाने पाहिलं कधी?"

"असेल कोणीतरी..."

"डॉक्टरांकडे माझ्यासोबत एकच माणूस होता रे."

फोनचा पडदा विझला. काउंटरच्या काचेवर एक जुना ओरखडा होता. भाऊ तो नखाने घासत राहिला, जणू पुसलाच जाणार होता.

"नुसतं 'वाईट' लिहून भागत नाही, ताई," तो अखेर पुटपुटला. "तपशील असला तरच ते खरं धरतात."

ताईने शेवटचा स्क्रू बसवला. हात तसूभर हलला नाही. घड्याळ कानाशी धरून तिने टिकटिक ऐकली, पट्टा पुसला आणि ते त्याच्यापुढे ठेवलं.

"पुढच्या वेळी चौकातच दे. पहिले आहेत ते."

तो गेला. दार मिटेपर्यंत तिने चिमटा घट्ट धरून ठेवला. मग तो काचेवर किणकिणू लागला, आणि बराच वेळ थांबला नाही.