गुणाबाईचं मोहाचं झाड

इंग्रजीत शब्दाआधी लागणाऱ्या 'द'ने मंगलीला मेटाकुटीला आणलं होतं. दहावीचा पेपर होळीच्या तोंडावर, आणि हे कुठं लावायचं, कुठं नाही, काही उमजेना. गोंडीत असलं काही नाही, मराठीतही नाही. आश्रमशाळेच्या रंजीता मॅडम घसा फोडून सांगायच्या, "कोनतं झाड ते ऐकनाऱ्याले आधीच मालूम असन तं 'द' लावा, नाई तं 'अ'. मंगली, तुह्या गावात असं कोनतं झाड आहे?"

"मायचं मोहाचं झाड," मंगली म्हणाली, आणि तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

तिची माय गुणाबाई गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. तिचं झाड नाल्याकाठी. गावात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं ठरलेलं, पण रीत अशी, की दरसाल होळीआधी झाडाखालचा पाला झाडून, गळणारी फुलं वेचायला जमीन साफ करायची. जे झाडलं नाही ते सोडून दिलं, मग झाडेल त्याचं.

बाप दसरू तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. त्याने फोन करून सांगितलं, "पोरी, एक दिस जाऊन झाडून ये."

"पेपर आहे न, बाबा. अन् कोन घेते? सर्वायले मालूम आहे ते मायचं आहे."

मॅडमचा नियम पोरीने गावालाही लावून टाकला! रागवावं तरी कुणावर?

पेपर झकास गेला. एकही 'द' चुकला नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती गावी आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून नाल्यावर गेली. झाडाखालची जमीन लख्ख झाडलेली होती. शेजारची सुगंधाकाकी टोपलीत फुलं वेचत होती.

"काकी, हे तं मायचं झाड."

"होतं न, पोरी. आम्ही काल सांजवेरी वाट पाह्यली. कोनी आलं नाई, मंग झाडलं." काकीच्या आवाजात कुठंच खोट नव्हती, भांडावं तरी कसं? "आता आमचं आहे. सर्वायले मालूम आहे."

माय गेली त्या दिवशीही मंगलीला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

"खायाले पायजे तं ओंजळभर ने," काकी मायेने म्हणाली.

मंगलीने ओढणी पुढे केली.